थांबवणारी गोळी : शिकागोच्या कत्तलखान्यापासून मायामीच्या रस्त्यापर्यंत

#इतिहासधागा

१/
१९०४ साल. शिकागोचे युनियन स्टॉकयार्ड्स. मैलभर पसरलेले गुरांचे गोठे, खाटीकखाने, रक्ताचा वास. नेल्सन मॉरिस कंपनीच्या आवारात अमेरिकी सैन्याचे दोन अधिकारी आलेले आहेत. एक शस्त्रविभागाचा, कॅप्टन जॉन टी. थॉम्पसन. दुसरा वैद्यकीय विभागाचा, मेजर लुई लागार्ड. त्यांच्यापुढे जिवंत गुरे उभी केली जातात आणि निरनिराळ्या पिस्तुलांतून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात. कोणते जनावर किती गोळ्यांनी, किती वेळात कोसळते, याची नोंद होते.

२/
वाचताना अंगावर काटा येतो, आणि यावा. परंतु मित्रहो, हा क्रूर प्रयोग ज्या प्रश्नासाठी झाला, तो प्रश्न त्याआधी दहा वर्षे साम्राज्यांना छळत होता आणि आज सव्वाशे वर्षांनंतरही पोलिसांना छळतो आहे. चार पावलांवरून अंगावर चालून येणाऱ्या माणसाला हातातल्या लहानशा शस्त्राने थांबवायचे कसे? मारायचे कसे, हा प्रश्न निराळा. गोळी लागलेला माणूस तासाभराने मेला, तर त्या तासात त्याने काय केले, हे झाडणाराच्या जिवाशी निगडित असते. स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाचा आणि त्यातील काडतुसाचा सारा इतिहास 'मारणे' आणि 'थांबवणे' या दोन क्रियापदांमधील अंतरात घडला आहे.

३/
प्रारंभ आपल्या जवळून करू. कलकत्त्याच्या उत्तरेस दमदम. आज तेथे विमानतळ आहे. तेव्हा ब्रिटिशांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. (आपल्या खडकीचा कारखानाही त्याच पंक्तीतला, १८६९ सालचा. '.३०३'च्या जुन्या पुंगळ्यांच्या बुडावर त्याचा 'के एफ' शिक्का संग्राहकांना आजही सापडतो.) १८९०च्या दशकात ब्रिटिश सैन्याने जुन्या जाड शिशाच्या गोळीऐवजी बारीक, वेगवान आणि संपूर्ण धातूच्या आवरणातली गोळी स्वीकारली. ती लांब जाई, सरळ जाई, आणि माणसाच्या शरीरातूनही तशीच सरळ आरपार जाई. १८९५च्या चित्रळ मोहिमेनंतर तक्रारी आल्या की गोळ्या लागूनही पठाण लढवय्ये पुढे येतच राहतात.

४/
दमदमच्या कारखान्याचा अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने यावर काढलेला तोडगा दिसायला अगदी किरकोळ होता. गोळीच्या टोकावरचे आवरण किंचित आखूड करून आतले मऊ शिसे उघडे ठेवायचे. शरीरात शिरताच ते शिसे पसरते, गोळीचा व्यास वाढतो आणि जखम रुंद होते. ही 'दमदम गोळी'. १८९७-९८च्या तिराह मोहिमेत ती वापरली गेली आणि एका बंगाली उपनगराचे नाव जगातील सर्व भाषांत एका भयंकर वस्तूचे नाव बनले. ही गोळी बंदुकीची, पिस्तुलाची नव्हे. पण पुढची पिस्तुलाची सारी चर्चा तिच्याच सावलीत झाली, म्हणून तिला टाळून पुढे जाता येत नाही.

५/
१८९९ साली हेग येथे शांतता परिषद भरली. तीत शरीरात सहज पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारी घोषणा संमत झाली. विरोध ब्रिटन आणि अमेरिका या दोघांचा. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद मूळ कागदांतून वाचावा असा आहे. त्याचा आशय असा : सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की त्याला कळते, तो मागे सरतो, उपचार घेतो, 'रानटी' माणूस मात्र गोळी लागूनही भाला घेऊन धावत येतो, सबब त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी.

६/
येथे क्षणभर थांबावेसे वाटते. शरीरशास्त्र सर्वांचे सारखेच. पठाणाचे फुफ्फुस आणि फ्रेंच शिपायाचे फुफ्फुस यांत फरक नाही. जखमी होऊनही माणूस लढत राहतो, ही गोष्ट युरोपातील रणांगणांवरही शेकडो वेळा घडलेली होती. तेथे तिला 'शौर्य' म्हणत. सरहद्दीवर तिला 'रानटीपणा' म्हटले गेले आणि त्यावरून दारूगोळ्याचे धोरण ठरले. शिवाय ती घोषणा केवळ करारावर सह्या करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतील युद्धांपुरती होती. ज्यांच्यावर ही गोळी प्रत्यक्ष चालत होती, त्यांना त्या टेबलाशी खुर्चीच नव्हती. ब्रिटनने पुढे १९०७ साली ही बंदी मान्य केली.

७/
त्याच सुमारास, १८९८मध्ये, ब्रिटिशांनी आपल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठीही अशी एक गोळी काढली होती. '.४५५' व्यासाची, पुढून वाटीसारखी पोकळ. तिचे प्रचलित नावच 'मॅनस्टॉपर', माणूस थांबवणारी. हेगच्या घोषणेनंतर थोड्याच काळात ती लष्करी वापरातून मागे घेण्यात आली. नाव लक्षात ठेवा. ती पुन्हा भेटणार आहे.

८/
आता फिलिपाइन्स. १८९८ साली स्पेनकडून ही द्वीपमाला अमेरिकेच्या हाती आली आणि १८९९पासून तेथील जनतेशी अमेरिकेचे युद्ध जुंपले. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या कमरेला तेव्हा '.३८ लाँग कोल्ट'चे रिव्हॉल्व्हर असे. १८९२ साली जुने '.४५'चे धूड बाजूला सारून हे हलके, कमी धक्का देणारे शस्त्र स्वीकारण्यात आले होते. गोळी जेमतेम पावणेदहा ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे २३५ मीटर. झाडायला सुखाची. पण दक्षिणेकडील मोरो मुस्लिमांशी गाठ पडल्यावर तीच चित्रळची तक्रार पुन्हा ऐकू येऊ लागली : गोळ्या लागतात, माणूस थांबत नाही. विशेषतः शपथ घेऊन, मृत्यू गृहीत धरून चालून येणाऱ्या योद्ध्यांबद्दल. त्यांना स्पॅनिश लोक 'हुरामेंतादो' म्हणत. मग कोठारांतली जुनी '.४५'ची रिव्हॉल्व्हरे बाहेर काढून पुन्हा वाटण्यात आली.

९/
याच पार्श्वभूमीवर थॉम्पसन आणि लागार्ड शिकागोला पोचले. त्यांनी गुरांवर तर प्रयोग केलेच, शिवाय दान केलेली वा बेवारस अशी मानवी प्रेते टांगून त्यांवरही गोळ्या झाडल्या. हाडे कशी मोडतात ते पाहिले आणि गोळीच्या आघाताने प्रेत किती झुलते याचा अंदाज घेतला. ७.६५ आणि ९ मिलिमीटरची जर्मन ल्युगर काडतुसे, '.३८'चे दोन प्रकार, '.४५ कोल्ट', '.४७६' आणि '.४५५'. या शेवटच्या गटात आपली जुनी ओळखीची पोकळ तोंडाची मॅनस्टॉपरही होती. निष्कर्ष : सैनिकी पिस्तुलाची गोळी '.४५' इंचांहून कमी व्यासाची नसावी.

१०/
या एका वाक्याने पुढचे शतक घडवले. जॉन ब्राउनिंगने '.४५ एसीपी' हे काडतूस रचले, सुमारे १५ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला २५० मीटरच्या आसपास. त्यासाठीचे स्वयंचलित पिस्तूल १९११च्या चाचणीत ६,००० काडतुसे न अडकता झाडून उत्तीर्ण झाले आणि २९ मार्च १९११ रोजी सैन्याने ते स्वीकारले. हेच सुप्रसिद्ध 'एम १९११'. पंचाहत्तर वर्षांच्या आसपास ते अमेरिकी सैन्याचे मुख्य पिस्तूल राहिले. (आणि थॉम्पसन? होय, 'टॉमी गन'वाला तोच. तीही '.४५'चीच.)

११/
आता थोडे गणित. कंटाळू नका, ते फार सोपे आहे. १५ ग्रॅमची गोळी, वेग २५० मीटर. वस्तुमान गुणिले वेग. हा सारा संवेग ७० किलोच्या माणसाने शोषून घेतला, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर. मुंगीच्या वेगाहून थोडा अधिक म्हणा. चित्रपटात गोळी लागताच माणूस काचेतून मागे उडतो, ते भौतिकशास्त्राला मंजूर नाही. तसे होत असते, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने झाडणाराही उलट दिशेने उडाला असता. तेव्हा टांगलेले प्रेत किती झुलले हे पाहून 'थांबवण्याची शक्ती' मोजणे, हे शेणाच्या वासावरून दुधाची चव ठरवण्यासारखे होते.

१२/
गुरांवरील प्रयोगातही घोळ होता. पहिल्या फेरीत ठरावीक अंतराने एकेक गोळी, दुसऱ्या फेरीत जनावर पडेपर्यंत सलग गोळ्या. नमुना अगदी लहान. जनावरांची वजने निरनिराळी. एकच काडतूस एका बैलाला लवकर पाडी, दुसऱ्याला पाडीत नसे. आकडे नीट वाचले तर त्यांतून '.४५'चा निर्विवाद विजय निघत नाही. मला तर वाटते, निष्कर्ष शिकागोला निघालाच नाही. तो फिलिपाइन्समधून सोबत आणलेला होता, शिकागोला त्यावर शिक्का बसला.

१३/
आणि येथे एक बखरवजा गोष्ट येते. लागार्डने नंतर गोळ्यांच्या जखमांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात अंतोनियो कास्पी नावाच्या कैद्याची हकीकत आहे. सामार बेटावर त्याने पळून जाण्याचा प्रयत्न केला. हातघाईत '.३८'च्या चार गोळ्या अगदी जवळून लागल्या, त्यांतील काहींनी फुफ्फुसे भेदली, तरी तो झुंजत राहिला. अखेर कार्बाइनच्या दस्त्याचा घाव कपाळावर बसला तेव्हा तो थांबला. पिस्तुलप्रेमींच्या पुस्तकांत ही कथा नेहमी अशी येते : हा मोरो योद्धा '.३८'ने थांबेना, म्हणून शिकागोच्या चाचण्या झाल्या, म्हणून '.४५' आले.

१४/
एम.ए.च्या पहिल्या सत्रात आमच्या बाई एकच गोष्ट घोटून घेत : 'आधी तारखा लावा.' लावून पाहू. शिकागोच्या चाचण्या १९०४च्या. कास्पीची झटापट २६ ऑक्टोबर १९०५ची. म्हणजे कारण परिणामानंतर दीड वर्षाने जन्मले! दुसरे, सामार बेट विसाय भागातले. मोरोंचा प्रदेश दक्षिणेला मिंदानाओ आणि सुलू. कास्पी मोरो असण्याचे काहीच कारण दिसत नाही. आणि तिसरी गोष्ट कोणी सांगतच नाही. कास्पी मेला नाही. महिन्याभरात बरा होऊन तो मुलकी अधिकाऱ्यांच्या हवाली झाला. 'अमानुष' ठरवलेला तो माणूस लष्करी इस्पितळाच्या खाटेवर पडून बरा झालेला एक कैदी होता. अस्सल कागद आणि बखर यांत काय अंतर असते, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१५/
आणखी एक तारीख. मार्च १९०६, बुद दाजो. ज्वालामुखीच्या मुखात आश्रय घेतलेल्या मोरोंवर अमेरिकी फौजेने हल्ला केला आणि शेकडो माणसे मारली, त्यांत बायका-मुलेही होती. ती मारली गेली तोफा, रायफली आणि संगिनींनी. पिस्तुलाच्या गोळीचा व्यास किती असावा या चर्चेत ही तारीख कधी येत नाही. 'न थांबणारा मोरो' ही प्रतिमा एका बाजूच्या भीतीतून घडली, आणि दुसऱ्या बाजूची भीती नोंदवायला तेथे कोणी नव्हते.

१६/
परत अहवालाकडे. '.४५'चे वाक्य सर्वांनी उचलले. त्याच अहवालातले त्याला लागून असलेले म्हणणे मात्र बहुतेकांनी सोडून दिले. थॉम्पसन-लागार्ड यांनी स्पष्ट लिहिले होते की मानवी शरीराचा बराचसा भाग असा आहे, जेथे कोणत्याही पिस्तुलाची गोळी लागली तरी माणूस तत्काळ थांबेल याची आशा नाही. सबब जवळच्या झटापटीत खरे संरक्षण नेमक्या आणि जलद माऱ्यात आहे आणि त्यासाठी सैनिकांकडून अखंड सराव करून घ्यावा. म्हणजे गोळी थोर असे म्हणणाऱ्या कागदातच नेम थोर असेही लिहिलेले होते. पहिल्यासाठी पैसे खर्चून वस्तू विकत घेता येते. दुसऱ्यासाठी रोज उठून घाम गाळावा लागतो. कोणते वाक्य लोकप्रिय होणार, हे उघड होते.

१७/
सराव म्हणजे काय, याचा पहिला गंभीर विचार लष्कराने नव्हे, पोलिसांनी केला. शांघाय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील आंतरराष्ट्रीय वसाहतीचे पोलिस जगातील सर्वांत धोक्याची नोकरी करीत होते असे म्हटले जाई. दरोडे, अपहरणे, गल्लीबोळांतल्या चकमकी. या दलात ब्रिटिश होते, चिनी होते आणि १८८०च्या दशकापासून पंजाबातून नेलेले शीख शिपाईही होते. विल्यम फेअरबेर्न १९०७मध्ये तेथे भरती झाला. त्याने आणि एरिक साइक्सने शेकडो प्रत्यक्ष चकमकींच्या अनुभवावर १९४२ साली एक छोटेखानी पुस्तक लिहिले.

१८/
त्यांचे निरीक्षण असे की बहुतेक चकमकी चार-पाच पावलांच्या अंतरात घडतात, अंधारात घडतात आणि काही सेकंदांत संपतात. पंचवीस यार्डांवरच्या गोल कागदी लक्ष्यावर, पाय जुळवून, श्वास रोखून, एक डोळा मिटून केलेला सराव तेथे उपयोगी पडत नाही. त्यांनी एक वेगळीच तालीमशाळा उभारली. अंधारे बोळ, पायाखाली डुगडुगणाऱ्या पायऱ्या, अचानक फुटणारे फटाके, एकाएकी उभी राहणारी आकृती. शिपायाला आधी पळवायचे, धाप लागली की आत सोडायचे. नेमाचा प्रश्न त्यांनी भीतीचा प्रश्न म्हणून हाताळला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली हीच सर्वांत मोठी उडी. नव्या काडतुसांची कौतुके होतात, या डुगडुगत्या पायऱ्यांची होत नाहीत.

१९/
याच पुस्तकात एका शीख शिपायाची हकीकत आहे. नाव दिलेले नाही. तो एका सशस्त्र गुन्हेगाराचा पाठलाग करीत होता. हाती '.४५५'चे वेब्ली, म्हणजे थॉम्पसन-लागार्डच्या मापात पूर्ण बसणारे शस्त्र. सहा गोळ्या झाडल्या, पाच लागल्या. पाठलाग करीत झाडलेल्या सहांपैकी पाच लागणे ही असामान्य गोष्ट आहे. तरीही तो गुन्हेगार पळतच राहिला, शिपाईही पळतच राहिला, आणि शेवटी रिव्हॉल्व्हरच्या मुठीने डोक्यात घाव घालून प्रकरण संपवावे लागले. नंतर कळले की चार गोळ्या आरपार निघून गेल्या होत्या.

२०/
कास्पीची कथा आठवली ना? तोच प्रसंग, तोच शेवट, दस्त्याचा घाव. फरक इतकाच की तेथे दोष लहान गोळीला दिला गेला आणि येथे गोळी मोठी होती. फेअरबेर्न-साइक्स प्रामाणिक होते. मोठी जड गोळी आणि लहान वेगवान गोळी, दोन्ही पक्षांना अनुकूल आणि दोन्हींना प्रतिकूल उदाहरणे त्यांनी दिली आणि ठाम नियम सांगण्याचे टाळले. इतके असूनही कास्पी प्रसिद्ध झाला आणि तो शीख शिपाई अनामच राहिला.

२१/
६ एप्रिल १९७०, कॅलिफोर्नियातील न्यूहॉल. मध्यरात्रीच्या सुमारास महामार्ग पोलिसांनी एक मोटार थांबवली. पाच मिनिटांच्या आत चार तरुण पोलिस मृत. चौकशीत जे दिसले त्यात आपल्या विषयाशी संबंधित गोष्ट ही : अनेक पोलिस कमरेला '.३५७ मॅग्नम' हे जबर धक्क्याचे काडतूस बाळगत, पण सराव मात्र सौम्य '.३८ स्पेशल'वर करीत. सरावाचे काडतूस स्वस्त पडते आणि हाताला दुखत नाही. मग प्रसंगी पहिला बार होतो, मनगट अनपेक्षित उसळते, आगीचा लोळ डोळे दिपवतो आणि दुसरा नेम जातो. न्यूहॉलनंतर त्या दलाने शस्त्रे, काडतुसे आणि प्रशिक्षण एकसारखे केले. ज्यावर सराव, तेच कमरेला. रिव्हॉल्व्हर झटकन भरण्याची साधनेही आली.

२२/
न्यूहॉलचीही एक बखर आहे. सांगतात की मृत पोलिसांपैकी एकाच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, कारण सरावाच्या मैदानावर पुंगळ्या खिशात टाकायची सवय लागली होती आणि मृत्यू समोर असतानाही हात तेच करीत राहिला. प्रशिक्षकांनी ही कथा वर्षानुवर्षे सांगितली. पुढे घटनेचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा पुंगळ्या जमिनीवर पडलेल्या होत्या असे मांडले गेले. कथा खोटी असली तरी 'शिकवण' खरी आहे, असे काही जण म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे म्हणणे पटू नये. चांगल्या शिकवणीसाठी एका मृत माणसाच्या खिशात खोट्या वस्तू ठेवण्याची गरज नसते.

२३/
११ एप्रिल १९८६, मायामी. एफबीआयच्या आठ जणांनी दोन बँक-दरोडेखोरांची मोटार अडवली. पाच मिनिटांच्या आत सुमारे दीडशे गोळ्या झडल्या. चकमकीच्या आरंभीच जेरी डव्ह या अधिकाऱ्याची ९ मिलिमीटरची पोकळ तोंडाची गोळी मायकेल प्लॅट या दरोडेखोराच्या दंडातून आत शिरली, छातीत गेली, फुफ्फुस निकामी करून हृदयापासून सुमारे एका इंचावर थांबली. ही जखम जीवघेणीच होती. पण प्लॅट त्यानंतरही हातातल्या रायफलीने लढत राहिला, आणि डव्ह व बेंजामिन ग्रोगन हे दोघेही ठार झाले. पाच सहकारी जखमी झाले. अखेर हात छिन्न झालेल्या एडमंडो मिरेलेस याने आधी एका हाताने शॉटगन चालवून, मग रिव्हॉल्व्हर काढून पुढे चालत जात तो प्रसंग संपवला.

२४/
एक इंच! चौकशीचा सारा भर त्या एका इंचावर आला. टीकाकार म्हणतात, आणि मला त्यात तथ्य वाटते, की योजना, चिलखते, गाड्यांत राहून गेलेली मोठी शस्त्रे यांवर बोलणे संस्थेला जड होते, गोळीला दोष देणे सोपे होते. ती गोळी तर जशी रचली होती तशीच वागली होती. तरीही या दोषारोपातून एक भरीव काम झाले. सप्टेंबर १९८७मध्ये क्वांटिको येथे तज्ज्ञांची बैठक झाली आणि १९८९ साली एफबीआयचा अहवाल आला. त्याने 'थांबवण्याची शक्ती' हा शब्दच मोडीत काढला.

२५/
त्या विचारामागे मार्टिन फॅक्लर हा शल्यविशारद होता. व्हिएतनाममध्ये दा नांगला गोळ्यांच्या जखमा शिवलेला. पुढे सैन्याच्या प्रयोगशाळेत त्याने जिलेटिनची पद्धत काटेकोर केली : दहा टक्के जिलेटिन, ४ अंश सेल्सिअस तापमान, आणि प्रत्येक ठोकळा आधी छऱ्याने तपासायचा, म्हणजे दोन ठिकाणचे निष्कर्ष ताडून पाहता येतात. या मिश्रणात गोळी साधारण स्नायूत जाते तितकीच खोल जाते. (जिलेटिन बनते गुरा-डुकरांच्या कातडी-हाडांपासून. कत्तलखाना प्रयोगशाळेत आला, पण जिवंत जनावर सुटले.) एफबीआयचा निकष ठरला : गोळी किमान १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर खोल जावी, १८ इंचांपलीकडे जाऊ नये. आणि तीही जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, मोटारीची काच ओलांडून. जुन्या पोकळ गोळ्यांच्या तोंडात कापडाचा बोळा बसे आणि त्या उमलतच नसत, हे येथेच नीट उघडकीस आले.

२६/
अहवालाचा गाभा आर्डाच्या भाषणाशेजारी ठेवून वाचावा. मेंदू वा मज्जारज्जूचा वरचा भाग सोडला, तर कोणतीही पिस्तुलाची गोळी माणसाला तत्क्षणी थांबवील याची खात्री देता येत नाही. हृदय निकामी झाले तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो आणि तेवढा वेळ माणूस हेतुपूर्वक हालचाल करू शकतो. कोणीही माणूस. पठाण, मोरो, किंवा फ्लॉरिडातला माजी अमेरिकी सैनिक. प्लॅट माजी सैनिकच होता. आर्डाला 'रानटी' वाटलेली गोष्ट ही त्या दहा-पंधरा सेकंदांची होती.

२७/
यानंतरची काडतुसांची हालचाल भराभर सांगतो. एफबीआयने जबर असे १० मिलिमीटरचे काडतूस घेतले. धक्का सोसवेना म्हणून त्याची दारू कमी केली. मग एवढ्या कमी दारूला एवढी लांब पुंगळी कशाला, म्हणून १९९० साली आखूड पुंगळीचे '.४० स्मिथ अँड वेसन' आले आणि अमेरिकेतील पोलिसदलांत पसरले. १९९८मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी पूर्ण आवरणाची गोळी सोडून पोकळ तोंडाची गोळी घेण्याचे जाहीर केले. कारण? पूर्ण आवरणाची गोळी संशयिताच्या शरीरातून आरपार जाऊन पलीकडच्या माणसाला लागत होती. म्हणजे हेगने रणांगणासाठी क्रूर ठरवलेला प्रकार शहरासाठी अधिक सुरक्षित ठरला. हा विरोधाभास वाटतो, पण रणांगणावर पलीकडे शत्रू असतो आणि रस्त्यावर पलीकडे भाजी घेणारी बाई असते.

२८/
आणि नेम? रँड या संस्थेने २००८मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या नोंदी तपासल्या. १९९८ ते २००६ या काळात दोन्हीकडून गोळीबार झालेल्या प्रसंगांत पोलिसांच्या १०० गोळ्यांपैकी सरासरी १८ लक्ष्याला लागल्या. समोरून गोळीबार नसताना ३०. प्रशिक्षित, पगारी, नियमित परीक्षा देणाऱ्या पोलिसांचे हे आकडे. उरलेल्या ८२ गोळ्यांचा व्यास कितीही असला, तरी त्या भिंतीत, मोटारीत किंवा आणखी कोठे तरी गेल्या.

२९/
काहींनी विचारले आहे की आपल्याकडे काय. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही आणि लष्कर-पोलिसांच्या वापरातील बहुतेक बोअर नागरिकांना 'प्रतिबंधित' आहेत. म्हणून कानपूरचे '.३२'चे रिव्हॉल्व्हर परवानाधारकांत दिसते. तो कायद्याने ठरवलेला व्यास आहे, शिकागोच्या बैलांनी ठरवलेला नाही. तो इतिहास वेगळा आहे आणि १८७८च्या शस्त्र कायद्यापासून सांगावा लागेल. तो पुढच्या धाग्यात.

३०/
राहिली एक गोष्ट. २०१४-१५च्या सुमारास एफबीआयने '.४०' सोडले. कारणे अशी दिली की नव्या रचनेच्या गोळ्यांमुळे निरनिराळ्या काडतुसांच्या जखमांत फारसा फरक उरलेला नाही, आणि कमी धक्क्याच्या काडतुसाने बहुतेक अधिकारी अधिक जलद आणि अधिक अचूक झाडतात. निवडलेले काडतूस होते ९ मिलिमीटर ल्युगर. हे काडतूस १९०२ सालचे. १९०४च्या त्या दिवसांत शिकागोच्या गोठ्यात तेही होते, आणि '.४५'हून लहान म्हणून नापास झाले होते.

(चुका आढळल्यास तारखेसह कळवाव्यात.)